उताराची खूण

यासीन मिस्त्री भेटले की रामराम-सलाम नंतर व्हायचा. आधी प्रश्न यायचा, "आज बगितलं का?" बस स्टँडवर, बाजारात, एकदा तर एका मयतीच्या गर्दीत मला बाजूला घेऊन त्यांनी हेच विचारलं. काय बघितलं, हे सांगायची त्यांना गरज वाटत नसे. ट्रॅक्टर बाळगणाऱ्या माणसाने सकाळी उठून इंजिनातल्या ऑइलशिवाय आधी दुसरं काही बघावं, हे त्यांना मान्यच नव्हतं. मी वेळ मारून नेण्यासाठी 'हो' म्हणायचो. मग ते माझा उजवा हात धरून बोटं नाकाशी न्यायचे आणि शांतपणे म्हणायचे, "साबनाचा वास येतोय, गुर्जी."

मी जन्मभर प्राथमिक शाळेत शिकवलं. त्यातली बरीच वर्षं युसूफ वडगावच्या बाजूला गेली. खोटं बोलणारं पोर मला वर्गात शिरतानाच ओळखू यायचं. पण निवृत्त होऊन गावी आल्यावर माझं खोटं असं वासावरून पकडणारा माणूस भेटला आणि मी पुन्हा पहिलीत जाऊन बसलो.

मिस्त्रींचं दुकान नेकनूरच्या बाहेर, रस्त्याला लागून. दुकान म्हणजे चार पत्रे, एक लाकडी फळी आणि बाहेर एक बाकडं. बाकड्याचा एक पाय मोडला होता, तिथे कुठल्या तरी इंजिनाचं जुनं पिस्टन लावलेलं होतं. माणूस उंच, पाठीत थोडा वाकलेला, दाढी पांढरी आणि हातांचा रंग कायमचा काळपट. काम फक्त जुन्या ट्रॅक्टरचं करायचे. नवा, चकचकीत ट्रॅक्टर दारात आला की ते लांबूनच हात जोडायचे. त्याला डॉक्टर येगळा हाय, म्हणायचे.

आमचा ट्रॅक्टर म्हणजे लाल्या. आमच्या वडिलांनी, म्हणजे दादांनी, बैलजोडी विकून तो जुनाच घेतला होता. जोडीतल्या तांबड्या बैलाचं नाव लाल्या होतं, ते ट्रॅक्टरला चिकटलं. मी निवृत्त झालो त्याच वर्षी दादा गेले. भावकीतल्या प्रत्येकाने लाल्या भंगारात घालायचा सल्ला दिला. मला ट्रॅक्टरमधलं ओ की ठो कळत नव्हतं, पण सगळ्यांनी एकच सल्ला दिला की उलटं वागायची मला जुनी खोड आहे. लाल्या राहिला आणि त्याच्या मागोमाग यासीन मिस्त्री माझ्या आयुष्यात आले.

लाल्याचा सेल्फ, म्हणजे बटणावर इंजिन सुरू करणारा स्टार्टर, दादांच्या हयातीतच गेलेला होता आणि दादांनी तो मनावर घेतला नव्हता. आमच्या गोठ्यापुढे चांगला उतार आहे. तिथे लाल्याला तोंड खाली करून उभं करायचं आणि चाकांना दगड लावायचे. सकाळी दगड काढून गिअर टाकला की घरंगळता घरंगळता तो आपोआप सुरू होतो. आमच्याकडे कितीतरी जुने ट्रॅक्टर असेच उतारावर झोपतात.

इंजिनाच्या कुशीत एक लांब, पातळ लोखंडी पट्टी खोचलेली असते. तिच्यावर दोन रेघा असतात. बुडालेल्या पट्टीवर ऑइल त्या दोन रेघांच्या मध्ये दिसलं पाहिजे. वरच्या रेघेपाशी असेल तर उत्तम, खालच्या रेघेच्या खाली गेलं तर काम बिघडलं. ऑइल कमी पडलं की आतलं लोखंड लोखंडावर घासतं आणि इंजिन जाम होतं. मिस्त्री त्याला 'इंजिन धरलं' म्हणायचे. धरलेलं इंजिन बहुधा भंगाराच्या वाटेलाच लागतं. मी पहिल्याच आठवड्यात त्यांना मोठ्या तोऱ्यात सांगितलं, की रोज पट्टी बघतो, ऑइल अगदी वरच्या रेघेला आहे. त्यांनी विचारलं, कुठं हुभा करून? मी म्हणालो, असतो तिथेच, उतारावर. मिस्त्रींनी हातातला पाना खाली ठेवला आणि दुकानाचं दार ओढून माझ्या मोटारसायकलवर मागे बसले.

त्यांनी लाल्याला सपाट खळ्यावर आणवला आणि बंद करायला लावला. मी लगेच पट्टीला हात घातला, तो त्यांनी बाजूला केला. खाली बसले, मलाही बसवलं. म्हणाले, "आईल खाली बसू द्या. ते बसलं की मंग आपन उठायचं." आमच्या हिने केलेला चहा त्यांनी बशीत ओतून इतक्या सावकाश प्यायला की मला वाटलं, लाल्याच्या निमित्ताने हे चहाच प्यायला आलेत. मग उठले. पट्टी ओढली आणि न बघताच पुसून टाकली. मी म्हणालो, अहो, बघायच्या आधीच पुसलीत. तर म्हणाले, पयली पट्टी खोटं बोलती. पुन्हा बुडवली, पुन्हा ओढली आणि माझ्यापुढे धरली. ऑइल खालच्या रेघेच्याही खाली होतं.

माझं तोंड उतरलं. आठवडाभर मी लाल्याला जवळजवळ उपाशीच राबवला होता. मिस्त्रींनी समजावून सांगितलं, की तोंड खाली असलं की सगळं ऑइल पुढे पळतं, आणि पट्टीही पुढच्याच बाजूला आहे, त्यामुळे उतारावर ती भरलेलंच दाखवणार. एवढ्यावर थांबले असते तर बरं झालं असतं. पण वर विचारलं, "गुर्जी, पोरं उतारावर हुभी करून तुमी त्यांची उंची मोजत होता का?" आत हिला हसू आवरेना.

मग नरसाळं लावून त्यांनी थोडं थोडं ऑइल ओतलं. ओतायचं, थांबायचं, पट्टी बघायची. सपाटीवर बरोबर भरल्यावर लाल्याला पुन्हा उतारावर नेलं, पुन्हा वाट बघितली आणि तिथे ऑइल पट्टीवर जिथवर चढलं तिथे कानशीने एक खाच पाडली. ही उताराची खूण, म्हणाले, हितवर आलं म्हंजी भरलं. मूळच्या दोन रेघांवरही त्यांनी खाचा पाडल्या. रेघा झिजल्यात, असं कारण सांगितलं. मला ते कारण पटलं. पुढे कळलं, की आसपासच्या प्रत्येक जुन्या ट्रॅक्टरच्या पट्टीवर मिस्त्रींच्या खाचा आहेत. सपाटीवर उभे राहणारेही त्यातून सुटले नव्हते. कानस घेऊन फिरायची त्यांना हौसच आहे, असं आम्ही सगळे म्हणायचो.

त्यांची पट्टी बघायची तऱ्हा वेगळी होती. पट्टी हातात धरायचे आणि बघायचे भलतीकडेच, आभाळाकडे नाहीतर समोरच्या बाभळीकडे. अंगठ्याचं नख पट्टीवरून हळूच फिरवायचे. मग दोन बोटांत ऑइल चोळायचे, हुंगायचे आणि निकाल द्यायचे. आईलमदी डिझेल उतरतंय. पानी गेलंय. नाहीतर नुसतंच, चालू द्या. मला वाटायचं, ही उस्तादी आहे, गवई डोळे मिटून गातो तसं काहीतरी. मी घरी आरशापुढे तशी बोटं चोळून बघितली होती, हे आज कबूल करतो.

चिंधीच्या बाबतीत तर ते फारच सोवळे. दोरे सुटणारं कापड त्यांना चालत नसे. एक धागा पोटात गेला तरी इंजिनाला त्रास, म्हणायचे. त्यांना हवं असायचं जुनं, शंभरदा धुतलेलं धोतर. दादा गेल्यावर आईने दादांची दोन धोतरं घडी घालून त्यांच्या हातात दिली. मिस्त्रींनी ती परत तिच्यापुढे ठेवली. दादाचं हाय, याला काळं करायचं न्हाई, असं काहीतरी पुटपुटले. आई म्हणाली, त्यांचा जन्म त्या ट्रॅक्टरापाशी गेला, त्यांचं धोतर आणखी कुठं जाणार. तेव्हा त्यांनी हातभर तुकडा फाडला आणि गोठ्यातल्या खिळ्याला अडकवला. तो तुकडा फक्त लाल्याचा. तो मळला की ते घरी नेऊन स्वतः धुऊन आणायचे. मी एकदा चुकून त्याला हात पुसले, तर दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

आमच्या गावच्या पुढाऱ्यांच्या, भाऊसाहेबांच्या घरच्या लग्नाची गोष्ट अजून चवीने सांगतात. भाऊसाहेबांच्या वडिलांच्या वेळचा ट्रॅक्टर त्यांनी रंग देऊन नवा केला होता आणि नवरदेव त्यावरूनच मांडवात जाणार होता. सकाळी ड्रायव्हरने ऑइल टाकलं. भाऊसाहेब म्हणाले, आजच्या दिवशी कमी पडायला नको, आणखी टाका. मग मामांनी थोडं टाकलं. मग चुलत्यांनी. प्रत्येक मानकऱ्याने नरसाळ्यात थोडं थोडं ओतलं आणि तोही एक विधीच होऊन बसला. वरात निघाली आणि लाल्याच्या वयाच्या त्या ट्रॅक्टरने असा निळा धूर सोडला की बँडवाल्यांची पिपाणी थांबली. नवरीकडची मंडळी पदर आणि रुमाल नाकाला लावून उभी.

मिस्त्री पाहुणे म्हणून आले होते. पांढराशुभ्र कुर्ता, कानात अत्तराचा फाया. त्यांनी कुणाला काही विचारलं नाही. आचाऱ्याकडून एक पातेलं मागून घेतलं, ट्रॅक्टर बंद करायला लावला आणि त्याच कुर्त्याने खाली शिरून तळाचा नट सैल केला. सगळ्या मानकऱ्यांचं प्रेम धारेने पातेल्यात उतरलं. बाहेर आले तेव्हा कुर्ता पाठीवर काळा झालेला. भाऊसाहेबांना चारचौघांत म्हणाले, "उपाशी इंजिन मरतंय, अन् लई जेवलेलं बी मरतंय. मानूस काय, मशीन काय." भाऊसाहेबांसमोर असं बोलायची आमच्या गावात कुणाची छाती नाही. पण भाऊसाहेब हसले आणि त्यांना आपला सदरा घालायला दिला. तो पातेल्याचा प्रश्न मात्र आचारी अजून काढतो.

दोन वर्षांपूर्वी मी एक गाढवपणा केला. सकाळी पट्टी बघितली आणि फोन आला म्हणून ती मडगार्डवर ठेवून दिली. मग तसाच शेतात गेलो. पट्टी नांगरटीत कुठेतरी पडली आणि काळ्या मातीत गाडली गेली. बीडहून नवी आणली. मिस्त्रींना सांगायची लाज वाटली, म्हणून सांगितलंच नाही.

पुढच्या आठवड्यात ते आले. लाल्या खळ्यावर होता. त्यांनी नेहमीप्रमाणे चहा घेतला, उठले, पट्टी ओढली, धोतराच्या तुकड्याने पुसली, पुन्हा बुडवून काढली. नजर बाभळीकडे. नख पट्टीवरून खाली गेलं, वर आलं, पुन्हा खाली गेलं. मग थांबलं. मी शाळामास्तर आहे, अडलेलं बोट मला ओळखू येतं. फळ्यापुढे गणित न सुटणाऱ्या पोराचा खडू असाच थांबतो.

"गुर्जी," ते म्हणाले, "ही पट्टी नवी हाय का?"

मी हो म्हणालो. पट्टीच्या रेघा नव्या होत्या, चांगल्या ठळक होत्या. हातभर अंतरावर उभा असलेल्या मला त्या स्पष्ट दिसत होत्या. एकदम माझ्या लक्षात आलं. मी विचारलं, मिस्त्री, तुम्हाला किती दिसतंय?

ते पट्टी पुसत राहिले. मग म्हणाले, उजेड दिसतोय, माणूस उभा आहे एवढं दिसतंय, तो कोण ते आवाजावरून कळतंय. बीडच्या डॉक्टरने काचबिंदू सांगितला होता. गेलेली नजर परत येणार नव्हती आणि उरलेली जात होती. सगळ्या पट्ट्यांवरच्या खाचा ही त्यांची तयारी होती. उताराची खूण तेवढी खरोखर उतारासाठी होती. बाकीच्या त्यांनी स्वतःच्या नखासाठी पाडल्या होत्या.

"कुनाला सांगू नका," ते म्हणाले. "लोकाला कळलं तं कोन इंजिनला हात लावू देईल? जितं डोळा लागतो ते काम मी कवाच सोडलंय. आईल हाताला कळतंय. ज्या दिशी माज्या हातानं एक जरी इंजिन धरलं, त्या दिशी मी सोता कुलूप लावीन."

मी त्यांना शब्द दिला. देताना मनाला बरं वाटलं नाही. जन्मभर पोरांना खरं बोला म्हणून सांगितलं आणि म्हातारपणी एवढी मोठी गोष्ट दडवायला निघालो. पण त्या माणसावर माझा जीव होता आणि त्याचा हात कधी चुकला नव्हता, हेही खरं होतं. मी घरातून कानस आणली. त्यांनी नव्या पट्टीवर खाचा पाडल्या, रेघा कुठे आहेत ते मी बोट धरून दाखवलं. त्यानंतर मी दुकानात बाकड्यावर जास्त बसू लागलो. कोण आलं ते मोठ्याने नाव घेऊन सांगायचो. लोकांना वाटलं, गुरुजींना रिकामपण खायला उठलंय.

कुणकुण तरी लागायची ती लागलीच. ते एकदा दारातल्या सायकलवर आदळले. एकदा भाऊसाहेबांच्या भावाला त्यांनी भलत्याच नावाने हाक मारली. त्यातच नारायणगडाच्या जत्रेला जायचं म्हणून भाऊसाहेब आपला तो जुना ट्रॅक्टर घेऊन दुकानापुढे आले. बरोबर चारसहा माणसं. ड्रायव्हरच्या हातून जुनी पट्टी वाकली होती, म्हणून त्यांनीही नवी घातली होती. ते त्यांनी मिस्त्रींना सांगितलं नाही. मला सांगितलं, तेही सहज, तंबाखू मळता मळता. नव्या पट्टीवर मिस्त्रींची एकही खाच नव्हती.

मिस्त्रींनी ट्रॅक्टर सपाटीला घ्यायला लावला. ऑइल बसेपर्यंत सगळे बाकड्यावर बसले. मग मिस्त्री उठले आणि पट्टीकडे हात नेला. तेव्हा भाऊसाहेब म्हणाले, अर्धवट थट्टेने, "मिस्त्री, नेमी बोटच कावून लावता? डोळ्यानं वाचा की." माणसं हसली आणि गप्प झाली. त्या गप्प होण्यावरून मला कळलं, की हे ठरवून आलेत.

मी उठलो. म्हणालो, आज पट्टी मी काढतो, मिस्त्रींनी मला शिकवलंय ते बघा तरी. पट्टी काढली, पुसली, बुडवली, पुन्हा काढली. वरच्या रेघेवर अंगठ्याचं नख घट्ट रोवलं आणि पट्टी तशीच मिस्त्रींच्या हातात दिली, सोडली नाही. त्यांचं बोट पट्टीवरून सरकत आलं. ओलं संपलं तिथे क्षणभर थांबलं. पुढे कोरड्यावरून सरकलं आणि माझ्या नखाला टेकलं. त्यांची बुबुळं पट्टीवर स्थिर होती. एवढ्या वर्षांत मी त्यांना पट्टीकडे तोंड करताना पहिल्यांदा बघितलं.

"बोटभर कमी हाय," मिस्त्री म्हणाले. "अर्धा लिटर वता, जास्ती न्हाई. मामाला बोलवू नका."

भाऊसाहेबांनी स्वतः वाकून पट्टी बघितली. बोटभरच कमी होतं. लग्नातल्या मामांची आठवण निघाली, सगळे हसले आणि ट्रॅक्टर गडाकडे निघून गेला. मी बाकड्यावर बसलो. आम्ही जिंकलो, असं मला वाटत होतं. शाळेत कॉपी करून पास झालेल्या पोराला वाटतं, अगदी तसंच.

मिस्त्री अवजारं पुसून पेटीत ठेवू लागले. मी म्हणालो, एवढ्या लवकर? ते म्हणाले, "आज तुमचा अंगठा होता, गुर्जी. उद्या कुनाचा?" मी म्हणालो, इंजिन कुठे धरलंय, तुम्हीच बोलला होता. ते म्हणाले, इंजिन धरायची वाट बघणारा मिस्त्री नसतो. पुढच्या शुक्रवारी दुकानाला कुलूप लागलं. गावात त्यांनी सांगितलं, की आता उभं राहवत नाही, बीडला लेकीकडे जातो. कुणाला शंका आली नाही, किंवा आली असेल तर कुणी बोलून दाखवली नाही. भाऊसाहेबांनी त्यांना शाल घातली. ती त्यांनी बोटांत चोळून बघितली आणि कापड चांगलंय, म्हणाले.

जायच्या दिवशी सकाळी ते आमच्याकडे आले. त्यांची लेक त्यांना सोडून बस थांब्यावर जाऊन उभी राहिली. लाल्या खळ्यावर होता. चहा झाला, बशीतला, सावकाश. मग ते उठले, खिळ्यावरून दादांच्या धोतराचा तुकडा काढला आणि माझ्या हातात दिला. मी पट्टी ओढली. न बघता पुसली. पुन्हा बुडवली, पुन्हा काढली आणि सवयीने त्यांच्यापुढे धरली.

त्यांनी हात पुढे केला नाही. मागे बांधलेलेच ठेवले. इतक्या वर्षांत कुणी सांगितलेल्या पट्टीवर त्या माणसाने विश्वास ठेवला नव्हता. ड्रायव्हरच्या नाही, भाऊसाहेबांच्या नाही, माझ्या तर नाहीच. प्रत्येक वेळी स्वतः बोट लावून बघायची.

"किती हाय?" त्यांनी विचारलं.

मी ऑइल बोटांत चोळलं, हुंगलं आणि म्हणालो, दोन रेघांच्या बरोबर मध्ये. वास चांगला आहे, कचकच नाही. थोडं टाकू का?

"तुमाला काय वाटतंय?"

मी जरा विचार करून म्हणालो, आज नको. परवा बघून टाकतो.

"मंग बसवा पट्टी," ते म्हणाले, आणि मी ती बसवायच्या आत त्यांनी लाल्याकडे पाठ फिरवली आणि बांधाने चालू लागले. माझे डोळे भरून आले. मला नोकरीत आदर्श शिक्षकाचा मान मिळाला नाही, त्याचं मला कधीकधी वाईट वाटायचं. त्या सकाळनंतर वाटत नाही.

मी त्यांना हात धरून थांब्यापर्यंत नेलं. बस आली, लेकीने त्यांना खिडकीशी बसवलं. बस निघाली तेव्हा त्यांनी हात बाहेर काढला. निरोपाचा हलवला नाही. वळणाआड जाईपर्यंत त्यांचा अंगठा आणि बोट एकमेकांवर सावकाश चोळत होते, आणि मी रस्त्यात उभा राहून माझी ऑइलने माखलेली बोटं उंच धरून त्यांना दाखवत होतो, जणू त्यांना ती दिसणार होती.